धाकटीच्या कमरेला किल्ल्या

१

औषधभांडारातलं लोखंडी कपाट सकाळी उघडलं, तेव्हा वरचा कप्पा रिकामा होता. दुखणं थांबवणारी सगळ्यात कडक इंजेक्शनं त्या कप्प्यात असत. एकही उरलं नव्हतं. खालच्या मजल्यावर भाजलेल्या रुग्णांचा वॉर्ड आहे. तिथलं ओरडणं जिन्यातून वर येत होतं आणि आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

मी या इस्पितळाचा सुरक्षा अधिकारी. आधी पोलिसात होतो. माझं डोकं तापट आहे असं बायको सांगते, वहिनी सांगते आणि हाताखालची माणसं माझी पाठ वळली की सांगतात. त्या सकाळी ते तापायला फार वेळ लागला नाही. कपाटाचं कुलूप तुटलेलंच नव्हतं. किल्ली भांडारबाईंच्या टेबलाच्या खणात असते हे निम्म्या इस्पितळाला ठाऊक होतं.

"अहो, इतकी वर्षं तिथेच असते ती! कधी काही झालं नाही," भांडारबाई रडत म्हणाल्या.

"कधी काही झालं नाही म्हणूनच आज झालं," मी म्हणालो. "कॅमेरे काय म्हणतात?"

उत्तर नेटवर्कच्या प्रमुखांनी दिलं. त्यांना सगळे सरच म्हणतात. गेटमधून आम्ही दोघं एकदमच आत आलो होतो, बोलत बोलत जिना चढलो होतो आणि भांडारबाईंची किंकाळी ऐकून दोघंही इकडे धावलो होतो. त्यांच्या हातात अजून हेल्मेट होतं, खांद्याला बॅग होती, काखेत नेहमीची उशी होती.

"कॅमेऱ्यांचा उपयोग नाही," सर खाली मान घालून म्हणाले. "काल संध्याकाळी पाळी बदलताना या मजल्याचं आणि मागच्या जिन्याचं चित्रणच झालेलं नाही. नवीने घोळ घातला. पोरीला मी सांगितलं होतं, सांभाळून कर म्हणून."

पोरगी म्हणजे चिंगी. सरांच्या हाताखालची सगळ्यात तरुण इंजिनिअर. आणि नवी म्हणजे कोण, ते मला पुढच्या तासाभरात इतक्या जणांनी सांगितलं की मी ते झोपेतही म्हणू शकेन.

२

इस्पितळाच्या प्रत्येक इमारतीत एकेक राउटर आहे. कुठली माहिती कुठल्या वाटेने पाठवायची हे ती यंत्रं ठरवतात. नेटवर्कवाल्यांनी त्यांना घरातल्या बायकांची नावं दिली आहेत. मुख्य इमारतीत सासूबाई, औषधभांडाराच्या इमारतीत थोरली, तपासणीच्या प्रयोगशाळेत धाकटी. सासूबाई आणि थोरली एका वयाच्या. धाकटी म्हणजे जुनं, कण्हणारं यंत्र, कधी मान टाकेल याचा नेम नाही. शस्त्रक्रियेच्या नव्या इमारतीसाठी आणलेली चौथी, ती नवी. काल संध्याकाळी चिंगीने ती जोडली.

या चौघी एकमेकींशी सुटं सुटं बोलत बसल्या तर नुसता कलकलाट होईल, म्हणून त्या आपल्यातून एक कारभारीण निवडतात. कुठे रस्ता तुटला, कुठे नवा जोडला, ही बातमी कारभारणीला सांगायची आणि तिने ती सगळ्यांना पोचवायची. कारभारीण पडलीच तर हाताशी एक दुय्यम असते. निवड होते ती प्रत्येकीला दिलेल्या आकड्यावरून. सासूबाईंचा आकडा मोठा, मग थोरलीचा, सगळ्यात लहान धाकटीचा. नवीला मात्र सासूबाईंपेक्षाही मोठा आकडा दिलेला होता.

"म्हणून तिने आल्या आल्या सासूबाईंची खुर्ची हिसकावली," सरांनी मला समजावलं. ते आपल्या खोलीत ताठ बसून बोलत होते. "त्या हिसकाहिसकीत सासूबाई आणि थोरली दोघी कोलमडल्या नि पुन्हा उठल्या. तेवढा वेळ त्यांच्यावरचे कॅमेरे आंधळे. कोणीतरी तेवढ्यात हात मारला. चिंगी कोणाला सामील होती असं मी म्हणत नाही हो. पण विचारणारे विचारतीलच."

मी सकाळीच नवीची वायर काढून ठेवायला लावली होती. त्यावर सर म्हणाले, "बरं केलंत. आता सासूबाई पुन्हा कारभार बघतायत. अहवालात तसं लिहिलंय मी."

मग मी चिंगीला बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या बोटांना नव्या इमारतीचा चुना अजून लागलेला होता.

"तू केलंस?"

"माझ्यामुळे झालं असेल," ती म्हणाली. "काल नवी जोडली आणि थोड्या वेळाने बघते तर ती कारभारीण झालेली. घाबरलेच मी. मी कोणालाच सांगितलं नाही."

"सरांनाही नाही?"

"सर पाठ दुखते म्हणून दुपारीच घरी गेले होते. आणि फोन करायची हिंमत झाली नाही. सगळं चालू दिसत होतं, म्हटलं सकाळी सांगू."

"पण तुझ्यामुळे झालं, हे तुला कोणी सांगितलं?"

"सर म्हणाले ना. मोठा आकडा, मोठी खुर्ची. त्यांनीच शिकवलंय मला सगळं. त्यांच्याशिवाय मी इथे टिकलेच नसते."

खरं सांगायचं तर मला ती दोषी वाटली. निर्दोष माणूस भांडतो, हा माझा पोलिसातला अनुभव. ही पोरगी भांडतच नव्हती. दुपारी विश्वस्तांची बैठक होती आणि तिथून चिंगीचं नाव थेट पोलिसात जाणार होतं. एकदा ते तिथे गेलं की नोकरी तर सोडाच, कुठल्याच दारात तिला कोणी उभं केलं नसतं.

पण मला त्या यंत्रांतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीवर सही करणं माझ्या जिवावर येतं. मी वहिनीला फोन लावला.

३

वहिनी तंत्रनिकेतनात हाच विषय शिकवते. दादाशी तिचं लग्न झालं तेव्हापासून ती माझ्या चुका काढते आहे. आली ती छत्री आपटत.

"भावजी, जेवलात का? नाही ना. तोंडावरूनच कळतंय. काय ते सांगा पटकन."

मी सगळं सांगितलं. नवी, सासूबाई, हिसकावलेली खुर्ची, चिंगी. वहिनी मध्ये एकदाही बोलली नाही, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"खुर्ची हिसकावली, ही बातमी मूळ कोणाची?" तिने विचारलं.

"सगळेच म्हणतात. भांडारबाई म्हणतात, वीजवाला म्हणतो, चिंगी स्वतः म्हणते."

"सगळे म्हणतात ते मला नको. राउटरांमध्ये एक शिस्त असते, भावजी. प्रत्येकीने फक्त स्वतःबद्दलची बातमी काढायची, खाली स्वतःचं नाव घालून. बाकीच्यांनी ती जशीच्या तशी पुढे द्यायची. शब्द बदलायचा नाही. त्यामुळे बातमी दहा दारं फिरून आली तरी कोणाच्या घरातून निघाली ते कळतं. माणसं हे पाळत नाहीत म्हणून तुमच्यासारख्यांना पगार मिळतो."

मी आठवून बघितलं. वीजवाल्याने ते भांडारबाईंकडून ऐकलं होतं. भांडारबाईंनी सरांकडून. चिंगीनेही सरांकडून.

"सरांची," मी म्हणालो. "पण ते प्रमुख आहेत. त्यांना माहीत असणारच."

"बघू. आत्ता कारभारीण कोण आहे?"

"सासूबाई. अहवालात लिहिलंय."

"अहवालात काय लिहिलंय ते नाही विचारलं मी."

नियंत्रण कक्षात चारही यंत्रांची अवस्था दाखवणारा एक पडदा आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना मी वहिनीला बसू द्यायला सांगितलं, तिने चष्मा लावला आणि दोन-चार अक्षरं टाईप केली. मग तिने स्वतःचा चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि परत बघितलं.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या घरात सासू घरात आहे, थोरली घरात आहे, आणि किल्ल्या धाकटीच्या कमरेला आहेत."

४

मला त्यात एवढं काय ते कळलं नाही. मी तसं म्हणालो.

"सगळ्यात लहान आकडा, भावजी! ही निवडणुकीत उभी राहिली तर डिपॉझिट जप्त. मग ही कारभारीण झाली कशी?" वहिनीने खुर्ची माझ्याकडे ओढली. "ऐका नीट. पहिली गोष्ट. मोठा आकडा मोठी खुर्ची, हे अर्धसत्य आहे. आकडे बघतात ते खुर्ची रिकामी असेल तेव्हाच. एकदा कोणी बसली की कितीही मोठ्या आकड्याची नवी येऊ दे, ती आधी विचारते, कारभारीण आहे का? आहे म्हटल्यावर गुमान बाजूला बसते. उगाच दर नव्या पाहुणीबरोबर घरभर उलथापालथ नको म्हणून हा नियम."

"म्हणजे नवीने खुर्ची हिसकावलीच नाही?"

"हिसकावूच शकत नाही. तिला खुर्ची मिळाली, कारण ती रिकामी झाली. सासूबाई बोलायच्या थांबल्या. या सगळ्या जणी दर थोड्या क्षणांनी 'मी आहे, मी आहे' अशी हाक देत असतात. हाक थांबली की बाकीच्या थोडा वेळ वाट बघतात आणि मग समजतात, गेली."

"मग दुय्यम बसायला हवी. थोरली."

"शाब्बास! शिकलात की. थोरली का नाही बसली? कारण तीही नव्हती. दोघी एकाच वेळी नव्हत्या. नाहीतर दुय्यमची जागा धाकटीपर्यंत खाली आलीच नसती. घरात उरल्या फक्त नवी आणि धाकटी. नवी झाली कारभारीण, धाकटी झाली दुय्यम. नंतर सासूबाई आणि थोरली परत आल्या, पण खुर्च्या भरलेल्या होत्या, म्हणून त्याही गुमान बाजूला बसल्या. आणि आज सकाळी तुम्ही नवीची वायर काढलीत."

"म्हणून दुय्यम वर सरकली," मी म्हणालो. "धाकटी."

"म्हणजे काल काय झालं हे ती खुर्ची अजून सांगते आहे. फक्त कोणी बघितलं नाही."

मी उठून उभा राहिलो, पुन्हा बसलो. "पण वहिनी, दोघी गोंधळानेच पडल्या असतील तर? सर तेच म्हणतात."

"गोंधळाने पडायचं तर आधी कोण पडेल? ती कण्हणारी धाकटी. ती टिकली आणि धडधाकट दोघी पडल्या?" वहिनीने पडद्यावर बोट ठेवलं. "शिवाय यंत्र पडताना कारण सांगत नाही, पण उठताना सांगतं. बघा, दोघींच्या नावापुढे एकच लिहिलंय. वीज गेली होती, आली, म्हणून उठले."

काल संध्याकाळी इस्पितळात वीज गेलेली नव्हती. मी तिथेच होतो. एक दिवा मिचकावला नव्हता.

५

वीजवाला आला तो हात पुसत. त्याच्यावर मला आधीपासून संशय होता, कारण वीजखोलीची किल्ली त्याच्याकडे असते.

"सासूबाई आणि थोरली यांना वीज कुठून जाते?" मी विचारलं.

"तळघरातल्या वीजखोलीतल्या फळीवरून, साहेब. दोघींचे खटके शेजारी शेजारी. नावं लिहून ठेवलीत मी त्यांच्यावर, उगाच कोणी हात लावू नये म्हणून."

"ते काल आपोआप पडले असतील?"

तो हसला. "खटका आपोआप पडतो, साहेब. आपोआप वर उठलेला मी जन्मात बघितला नाही."

म्हणजे हात होता. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मी वीजवाल्याकडे. त्याचं हसू मावळलं.

"काल पाळी बदलताना तू कुठे होतास?"

"नव्या इमारतीत. शिडी धरून. ती पोरगी वर चढून वायर ओढत होती आणि मला म्हणत होती, काका, हलू नका. हललो असतो तर ती आज तुमच्यासमोर नसती. शस्त्रक्रियेच्या दोन सिस्टर तिथेच उभ्या होत्या, विचारा त्यांना."

मी विचारलं. खरं होतं. एका दमात वीजवालाही सुटला आणि चिंगीही. तळघरात गेलेला हात त्या दोघांपैकी कोणाचाच नव्हता. भांडारबाईंकडे वीजखोलीची किल्ली नाही आणि राउटर म्हणजे काय हे त्यांना आजही माहीत नाही.

वीजखोलीच्या किल्ल्या तीनच. एक वीजवाल्याकडे. एक माझ्याकडे, ती माझ्या कमरेला होती. तिसरी सरांकडे.

मला ते नको होतं. सरांना मी बारा-पंधरा वर्षं ओळखत होतो. माझ्या मुलीच्या अपघाताच्या वेळी याच माणसाने रात्रभर माझ्या शेजारी बसून मला चहा पाजला होता.

"भावजी, काय झालं?" वहिनीने विचारलं.

"हेल्मेट," मी म्हणालो. "आज सकाळी आम्ही गेटमधून एकदम आलो. ते अजून आपल्या टेबलाशीही गेले नव्हते. हातात हेल्मेट होतं. आणि मी कॅमेऱ्यांचं विचारल्याबरोबर त्यांनी सांगितलं, या मजल्याचं आणि मागच्या जिन्याचं चित्रण नाही. बाहेरून इथल्या नेटवर्कमध्ये डोकावता येत नाही, ती सोय मीच बंद ठेवायला लावली आहे. चिंगीने कोणाला सांगितलं नव्हतं. मग त्यांना कळलं कसं?"

जिन्यातून पुन्हा ते ओरडणं आलं.

६

सर त्यांच्या खोलीत होते. वर्षापूर्वी त्यांच्या पाठीची मोठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हापासून ते एक जाडजूड उशी पाठीशी घेतल्याशिवाय दोन मिनिटं बसू शकत नसत. ती उशी त्यांच्याबरोबर घरी जाई, बैठकीला जाई. आम्ही तिला त्यांची दुसरी बायको म्हणत असू; तिच्याशिवाय ते आले असते तर शिपायानेही विचारलं असतं. आज उशी खुर्चीतच होती, पण सर तिच्यापासून वीतभर पुढे, ताठ बसले होते. सकाळीही तसेच बसले होते. तेव्हा मला ते दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

"सर, सासूबाई कारभार बघतायत, हे तुम्ही बघून लिहिलंत?" वहिनीने अगदी आदराने विचारलं.

"बघायचं काय त्यात? नवी गेली, उरलेल्यांत मोठा आकडा त्यांचा."

"धाकटी बघते आहे."

ते हसायला लागले. मग हसू अर्ध्यावर थांबलं. हुशार माणूस होता. पुढचं सगळं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर ते एकेक पायरी उलगडत गेलं आणि मी ते त्यांच्या चेहऱ्यावर बघत उभा राहिलो. आपण खटके वर केले की घर पुन्हा जसंच्या तसं होईल, असं ते धरून चालले होते. इतकी वर्षं ते हेच शिकवत आले होते.

"हे सिद्ध होत नाही," ते म्हणाले. आवाज कोरडा होता.

"विश्वस्तांसमोर बोलू," मी म्हणालो. "उशी घेऊन चला."

त्यांनी उशीकडे बघितलं नाही.

बैठकीत विश्वस्तांच्या अध्यक्षीणबाई मधोमध बसल्या होत्या. वहिनीने धाकटीची गोष्ट सांगितली. मी हेल्मेटचं सांगितलं. सर भिंतीकडे बघत होते. मी उशीला हात घालणारच होतो, पण अध्यक्षीणबाई चिंगीकडे वळल्या. त्यांना वाटलं असावं की आता ही पोरगी मनातलं सगळं ओकेल. मलाही तेच वाटलं. तिला तसा हक्कच होता.

"बोल. तुझ्या सरांनी तुला बळीचा बकरा केलं. त्यांच्याबद्दल तुला काय सांगायचंय?"

चिंगी उभी राहिली.

"मी काल संध्याकाळी नव्या इमारतीत होते. नवी जोडली. ती कारभारीण झालेली बघून घाबरले आणि कोणाला सांगितलं नाही, ते माझं चुकलं. एवढंच माझ्याबद्दल मला माहीत आहे." ती थांबली. "दुसऱ्याच्या नावाने बातमी काढायची नाही, असं सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय मला. तेवढं तरी त्यांनी बरोबर शिकवलं होतं. त्यांचं ते सांगतील."

मी पोलिसात असताना माणसांना बोलतं करायच्या बऱ्याच तऱ्हा बघितल्या. ही नव्हती बघितली.

सरांनी भिंतीवरची नजर काढली. ते उठले आणि दोन्ही हातांनी उशी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी.

"माझ्याबद्दल मी सांगतो," ते म्हणाले. "दुखणं थांबतच नाही. डॉक्टरांनी औषध बंद केलं, माझं शरीर बंद करायला तयार नाही. आधी एक घेतलं होतं. मग दोन. मोजणी होणार, असं भांडारबाई म्हणाल्या तेव्हा कळलं की आता सगळंच जायला हवं, म्हणजे ती एक-दोन कोणी शोधणार नाही. काल घरी जातो म्हणून निघालो, तो तळघरातच थांबलो. पोरीचं नाव पुढे येईल हे मला माहीत होतं. माहीत असून केलं." त्यांना चिंगीकडे बघवलं नाही. "आत आहेत. कालची दोन सोडून सगळी."

भांडारबाईंनी उशीची शिवण उसवली. कापसात गुंडाळलेल्या काचेच्या कुप्या एकेक करून बाहेर आल्या. त्यांनी प्रत्येकीचं तोंड उजेडात धरून तपासलं आणि ट्रे घेऊन त्या अक्षरशः धावत खाली गेल्या.

पोलिसांची गाडी सरांना घेऊन गेली तेव्हा उन्हं कलली होती. वहिनीने जाताना माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "आता तरी खा." मी जिन्यात आलो. चिंगी तिथे पायरीवर बसून खालच्या वॉर्डाकडे कान लावून होती. खालून काही आवाज येत नव्हता. दिवसभरात पहिल्यांदाच.

"थांबलं," मी म्हणालो. "चल, ऊठ आता. सुटलीस तू."

तेव्हा ती रडायला लागली. सकाळपासून एक टिपूस न काढलेली पोरगी, गुडघ्यांत तोंड घालून रडली.

"काका," ती म्हणाली, "आज रात्री कोठडीत सरांची पाठ दुखायला लागली, तर त्यांना कोण बघणार?"

मला तिचा राग आला. त्या माणसाचाही आला आणि माझा स्वतःचाही आला. मग मी खिशातून फोन काढला आणि हाडांच्या डॉक्टरांचा नंबर लावला.